न्योटनची जिरवण्याचे अकरा निकष

सोमवार, १ सप्टेंबर

सोमवारी बेकरीतून पाव आणायला आणि रविवारी रिंगवर पळवायला अशी एकच गाडी घ्यायची असेल, तर ती कोणती? मला माहीत नाही. हे फक्त ह्या वहीत लिहिते आहे. बाहेर मी सांगितलं आहे की उत्तर तीस तारखेपर्यंत मिळेल, कारणांसहित.

ज्यांना सांगितलं त्या फ्राऊ थेलेन, माझ्या मालकीण. रिंगच्या, म्हणजे इथल्या शर्यतीच्या रस्त्याच्या, फाटकापासून पाचशे मीटरवर त्यांचं गॅरेज आहे. आठ स्पोर्ट्स कार भाड्याने देतात. लोक शुक्रवारी गाडी नेतात, आयफेलच्या डोंगररस्त्यांवर फिरवतात, रिंगवर तीन-चार फेऱ्या मारतात आणि रविवारी परत आणून देतात. बहुतेक वेळा संपूर्ण. आता नववी घ्यायची आहे. पोर्शे जीटी-थ्री किंवा मर्सिडीज-एएमजी जीटी. दोन्ही दोन लाख युरोच्या घरात. निवड करणार मी. लिओबा श्यूलर, वय चोवीस, प्रोबेशनचा पाचवा महिना, आमच्या घरातली पहिली पदवीधर.

पप्पा तीस वर्षं आडेनाऊमध्ये टायर बदलतात. आई हॉटेलात नाश्ता मांडते. त्यांना आजवर कोणी विचारलेलं नाही की बाबा, कोणती घेऊ? मला विचारलं आहे. हे मी विसरणार नाही.

आणि दुसरंही एक विसरणार नाही. मीटिंगमध्ये एवाल्ड न्योटन तीन मेकॅनिकांसमोर म्हणाला, पोरी, गाडी बुडाने कळते. तुझ्याकडे पदवी आहे, बूड नाही. सगळे हसले. कॉफीचं यंत्र दुरुस्त करायला आलेला माणूसही हसला, आणि तो तर आमच्याकडचा नव्हता.

न्योटन आमचा मुख्य प्रशिक्षक. वय एकसष्ट. रिंगवर त्याच्या किती हजार फेऱ्या झाल्या आहेत हे तो सांगत नाही, दुसऱ्यांना सांगू देतो.

मी हसले नाही. तारीख लिहून ठेवली.

निश्चय: एक, एवाल्ड न्योटनची जिरवायची. दोन, शास्त्रीय पद्धतीने. तीन, रोज सहाला उठून धावायला जायचं.

बुधवार, ३ सप्टेंबर, सकाळी ७.५०

धावले नाही. धुकं होतं.

तक्ता तयार. कोब्लेंत्सच्या कॉलेजात आम्हाला हीच पद्धत शिकवली. निकष ठरवायचे, प्रत्येकाला किती टक्के महत्त्व ते ठरवायचं, बेरीज शंभर. मग प्रत्येक गाडीला प्रत्येक निकषावर गुण. शेवटी आकडा येतो आणि माणसं गप्प बसतात.

अकरा निकष झाले: ब्रेक, टायरची झीज, खड्ड्यांतली चाल, सामानाची जागा, चढ-उतार करण्याची सोय, आवाज वगैरे. अकरावा 'बुडाने कळणे'. त्याला शून्य टक्के दिले. गाळता आला असता. पण छापलेला शून्य डोळ्यांना दिसतो.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

वहीच्या मागच्या पानावर न्योटनच्या अपराधांची यादी सुरू केली आहे. जुने आठवून घातले.

मे: मला पहिल्याच दिवशी 'पोरी' म्हणाला. बाकी सगळे 'फ्राऊ श्यूलर' म्हणतात. निदान मालकीणबाई तरी.

जून: 'आपला कप आपण धुवावा' ही माझी पाटी. त्याने कप तिच्याच खाली ठेवला. न धुता.

जुलै: मी बनवलेली टायरदाबाची सारणी त्याने घडी करून डगमगत्या टेबलाच्या पायाखाली घातली. टेबल आता हलत नाही, हा मुद्दा नाही.

त्याच्या कपावर पोर्शेचं चित्र आहे. तरुणपणी त्याच्याकडे एक जुनी पोर्शे होती, असं पप्पा सांगतात. ते बोलायला लागले की थांबत नाहीत, दोघं दर बुधवारी पत्ते खेळतात. तेव्हा न्योटनला कोणती गाडी हवी हे उघड आहे.

मी कोणाच्याही बाजूची नाही. पण मर्सिडीज चांगली गाडी आहे.

बुधवार, १० सप्टेंबर

विक्रेत्याने मर्सिडीज एका दिवसासाठी दिली. रस्त्यावरची चाचणी. आडेनाऊच्या दगडी चौकातून दोनदा, सुपरमार्केटपर्यंत एकदा. पाण्याचे दोन क्रेट आणि बटाट्यांची पिशवी मागच्या सीटवर व्यवस्थित बसली. आई शेजारी होती. सीट गरम व्हायला लागली तशी डोळे मिटून म्हणाली, लिओबा, हिच्याशी लग्न करायला मी तयार आहे, तुझ्या बापाला सांगू नकोस.

पप्पा गाडीत बसले नाहीत. गुडघ्यांवर बसून वीस मिनिटं टायर बघत राहिले. मग म्हणाले, रुंद आहे. त्यांचं मत नोंदवलं.

रविवार, १४ सप्टेंबर

रिंगवरची चाचणी. आज रिंग सगळ्यांसाठी खुली होती. अशा दिवशी ती कायद्याने साधा टोलचा रस्ता असते. उजवीकडून ओलांडायचं नाही, वेळ मोजायची नाही. मी दोन्ही नियम पाळले. बाकीचे पाळतात की नाही हे मला इतक्या लांबून दिसलं नाही.

दोन्ही गाड्या विक्रेत्यांकडून आजच्यापुरत्या मागून आणल्या होत्या. न्योटन शेजारी. आधी मर्सिडीज. वीस किलोमीटर तो बाजूच्या आरशात बघत होता. माझी शैली स्थिर आणि नियंत्रित होती. वाटेत एका बेल्जियन कुटुंबाच्या व्हॅनने मला ओलांडलं. मागच्या सीटवरच्या मुलाने हात केला. ती व्हॅन वजनाने हलकी असणार.

बाहेर आल्यावर न्योटन म्हणाला, पोरी, मधला आरसा तुझी लिपस्टिक बघायला नाही, मागचं जग बघायला आहे. मी लिपस्टिक-बिपस्टिक काही लावत नाही, केसांची पिन लावते. यादीत घातलं.

मग पोर्शे. तिच्या सीटा टणक, बादलीसारख्या खोल. फेरी संपली, मी उतरले, तो उतरेना. दोन मिनिटं नुसता बसून राहिला, एक हात छपरावर, डोळे मिटलेले, ओठ घट्ट. गाडीवर इतकं प्रेम असू शकतं हे मला माहीत नव्हतं. क्षणभर वाईट वाटलं. मग जून महिना आठवला.

बुधवार, १७ सप्टेंबर

आकडे आले. पोर्शे ७०, मर्सिडीज ६४.

इथे घाई करून चालणार नाही. संशोधक आपल्या गृहीतकांकडे पुन्हा बघतो.

सायंकाळी ५.३०

पुन्हा बघितलं. सामानाच्या जागेला मी अन्याय्यपणे कमी महत्त्व दिलं होतं. चढ-उतार करण्याची सोय तर आठ टक्क्यांवरून अठरावर न्यायलाच हवी होती, आपल्या समाजाचं सरासरी वय वाढतं आहे. मर्सिडीज ७१, पोर्शे ६६. फरक स्पष्ट आहे. शांत झोप लागेल.

गुरुवार, १८ सप्टेंबर

लागली होती. सकाळी न्याहारीला पप्पांनी घालवली.

काल पत्ते खेळताना न्योटन त्यांना म्हणाला म्हणे की मर्सिडीज आली तर मेणबत्ती लावीन. त्याच्या पाठीची चकती सरकली आहे, फेब्रुवारीपासून. पोर्शेतून उतरायचं म्हणजे मरण. रविवारी दोन मिनिटं अडकलो होतो, कळ इतकी की पोरीसमोर ओरडू नये म्हणून दात दाबून बसलो, म्हणाला. आणि त्या मर्सिडीजची गरम सीट, कार्ल, ती सीट म्हणजे माझ्या पाठीला शेकच.

कार्ल म्हणजे पप्पा.

म्हणजे मी त्याला दोन लाखांची शेकायची पिशवी भेट देणार होते. गुलाबी फीत बांधून.

दिवसभर तक्त्यावर काम केलं. जेवले नाही, म्हणजे एकदाच जेवले.

रात्रीच्या जेवणाला पप्पा म्हणाले, तुला एवाल्डचा एवढा राग का गं? मी म्हटलं, राग नाही, पद्धतीचा प्रश्न आहे. ते म्हणाले, मग त्या बटाट्याने तुझं काय बिघडवलंय, मघापासून भोसकते आहेस.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

'चढ-उतार करण्याची सोय' हा निकष काढून टाकला. चढता-उतरता न येणाऱ्यांनी स्पोर्ट्स कार घ्यावी का, हा मूळ प्रश्न आहे आणि तो माझ्या अहवालाच्या कक्षेबाहेर आहे. त्याच्या जागी 'हलकेपणा' घेतला. पोर्शे पाचशे किलोंनी हलकी आहे, हे मी बनवलेलं नाही.

पोर्शे ७१, मर्सिडीज ६७.

आकड्यांपुढे माझं काही चालत नाही.

निश्चय: सोमवारपासून धावायचं.

मंगळवार, ३० सप्टेंबर

अहवाल दिला. त्रेचाळीस पानं, स्पायरल बाइंडिंग, मागे पुठ्ठा. फ्राऊ थेलेननी तो हातावर तोलून बघितला आणि म्हणाल्या, जाड आहे. मग म्हणाल्या, म्हणजे कोणती?

मी म्हटलं, सगळी कारणं पान चारपासून आहेत.

हो, पण कोणती?

पोर्शे.

बरं, म्हणाल्या, आणि अहवाल फॅक्स यंत्रावर ठेवला.

न्योटन खिडकीपाशी कॉफी पीत होता. मी त्याच्याकडे एकटक बघितलं. चेहऱ्यावरची रेष हलेल, ओठ थरथरेल. त्याने बिस्किट बुडवलं. ते तुटून कपात पडलं. तेव्हा मात्र तो कळवळला.

आतून काय होत असेल त्याला, ह्याची मी कल्पना करू शकते. दुपारभर करत होते.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

आली. पिवळी. कोलोनच्या विक्रेत्याकडची, एक वर्ष जुनी. मेकॅनिक गोळा झाले. न्योटनने तिच्याभोवती एक फेरी मारली, दार उघडलं, बसायला खाली वाकला. मी थोडं लांब उभी राहून सेकंद मोजले. बसायला एकोणीस. उतरायला चौऱ्याऐंशी. ही मजा नव्हे, निरीक्षण आहे. मजा वाटली तर ती आनुषंगिक.

उतरल्यावर म्हणाला, छान आहे.

खोटारडा.

बुधवार, ८ ऑक्टोबर

गाडीच्या नोंदणीसाठी मला पाठवलं. आमच्या गाड्यांना हंगामी पाट्या असतात. नंबराच्या शेवटी दोन आकडे छापतात, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत. त्या महिन्यांबाहेर गाडी रस्त्यावर चालवायची नाही, नुसती उभीही करायची नाही. आमच्या आठही गाड्यांवर तीन ते अकरा आहे. मार्च ते नोव्हेंबर.

मी निघाले तसा न्योटन गॅरेजमधून ओरडला, पोरी, तीन ते अकरा घाल, बाकीच्यांसारखं.

कोणी मला 'बाकीच्यांसारखं' म्हटलं की मी नेमकं उलटं करते. शाळेत बाई म्हणायच्या, तू बाकीच्यांसारखी हॉटेलात लाग. मी रस्ताभर विचार केला. मार्चमध्ये आयफेलात बर्फ असतो. नोव्हेंबरात धुकं. सुधारणा अशीच कोणीतरी कुठेतरी सुरू करतं.

खिडकीवरच्या बाईंना मी चार ते दहा सांगितलं. त्यांनी विचारलं, नक्की ना? बहुतेक भाड्याच्या गाड्या अकरापर्यंत घेतात. मी म्हटलं, मी इंजिनियर आहे.

नंबर: AW-LS 71. ७१ कुठून आले हे ज्याला कळायचं त्याला कळेल.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

न्योटनने पाटीकडे बघितलं. मग माझ्याकडे. म्हणाला, हे चार-दहा आहे. मी अदबीने 'हेर', म्हणजे श्रीयुत, लावून म्हटलं, हेर न्योटन, अहवालाची पुरवणी येते आहे, सवडीने वाचा. तो खांदे उडवून गेला. नेहमी खांदे उडवणाऱ्या माणसाला पाठीचा त्रास होणारच.

पुरवणी अजून लिहायची आहे.

सोमवार, २० ऑक्टोबर

फार चांगला दिवस. पिवळ्या पोर्शेसाठी पहिलं मोठं बुकिंग माझ्या ईमेलवर आलं. गेंटचे हेर क्लास आणि त्यांची बायको. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून. एक आणि दोन नोव्हेंबर, सर्व संतांच्या सुट्टीला जोडून. मी पाच मिनिटांत होकार कळवला आणि अभिनंदनाचं एक वाक्यही घातलं. फ्राऊ थेलेन म्हणाल्या, चटपटीत आहेस.

त्यांची पहिली फेरी न्योटन सोबत बसून घेणार. त्या खोल सीटमध्ये. ते माझ्या हातात नव्हतं, प्रशिक्षक तोच आहे.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर, संध्याकाळी ६

प्रोबेशन संपलं. फ्राऊ थेलेननी केक आणला, हात मिळवला, म्हणाल्या, राहा आता. पप्पांनी माझ्या पदवीची प्रत वर्कशॉपमध्ये लावली आहे, तेलाच्या कॅलेंडरच्या आणि हिवाळी टायरच्या दरपत्रकाच्या मध्ये. मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा मागे कोणीतरी टाळ्या वाजवल्या. पप्पांनीच असतील.

न्योटन केकला नव्हता. पाठीच्या व्यायामाला गेला होता, हे पप्पांकडून कळलं. त्यामुळे माझा बेत आणखी सोपा झाला.

मी फ्राऊ थेलेनना सुचवलं की सकाळी नऊला क्लास मंडळी येतील, तर गाडी आजच क्विडेलबाखला न्योटनच्या घरी सोडते, तो ती थेट रिंगच्या फाटकावर आणेल. त्या म्हणाल्या, तेवढंच काम कमी. म्हणजे उद्या सकाळी त्याला बायकोसमोर, शेजाऱ्यांसमोर, स्वतःच्या दारात त्या सीटमध्ये बसावं लागेल. एकोणीस सेकंद तरी.

साडेचारला गाडी लावली. त्याच्या फाटकासमोर रस्त्यावर, नेमकी मध्यभागी, कोणत्याही खिडकीतून दिसेल अशी. शेजारच्या सीटवर अहवालाची प्रत, पान एकतीस दुमडून. त्या पानावर अकरावा निकष आहे.

किल्ली पत्रपेटीत टाकली आणि चालत घरी आले. चार किलोमीटर, सगळा उतार. पदवी मिळाली त्या दिवशीही माझे पाय इतके हलके नव्हते.

जिरली.

शनिवार, १ नोव्हेंबर, संध्याकाळी

सुरुवातीपासून, क्रमाने.

८.१०. फोन. पप्पांनी घेतला, तोंडात पाव. ऐकलं आणि फोन माझ्याकडे दिला. न्योटन होता. म्हणाला, आज कोणता महिना?

मी म्हटलं, नोव्हेंबर.

मग मी काय म्हटलं ते मला ऐकू आलं.

९.००. फाटकावर. हेर क्लास फार सभ्य. निळा टाय. बायकोच्या गळ्यात पिवळा स्कार्फ, गाडीला शोभावा म्हणून मुद्दाम आणलेला. फ्राऊ थेलेननी त्यांना आमची जुनी बीएमडब्ल्यू दिली आणि फेऱ्यांचे पैसे घेतले नाहीत. ती राखाडी आहे. बाईंनी स्कार्फ काढून पर्समध्ये ठेवला. फ्राऊ थेलेन मला एवढंच म्हणाल्या, सोमवारी बोलू.

आता बेकायदा उभी असलेली पोर्शे. मी पप्पांबरोबर क्विडेलबाखला गेले. पोचेपर्यंत दोन वाजले, कारण पप्पा म्हणाले पोटात काहीतरी घाल. आज कबरींना आशीर्वाद द्यायचा दिवस. न्योटनचं घर चर्च आणि दफनभूमीच्या मधल्या गल्लीत आहे. हे मला काल माहीत होतं. काल ते उपयोगाचं वाटलं होतं.

सगळं गाव काळ्या कोटांत, हातात लाल दिवे घेऊन तिथून गेलं. आमच्या आयफेलात लोक माणसाच्या चेहऱ्याआधी गाडीची पाटी वाचतात. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकून थांबले आणि मोठ्याने म्हणाले, दहा तर काल संपला की. मागच्या बाईने विचारलं, कोणाची आहे? पुढून कोणीतरी सांगितलं, श्यूलरच्या इंजिनियरची. पाद्रीबाबांनीही पाऊल हळू केलं. माझी आई आजोबांच्या कबरीवर दिवा घेऊन निघाली होती. ती थांबून म्हणाली, रंग छान निवडलात.

परत येताना ते सगळे थांबले. मी समजावून सांगितलं की इंजिन सुरू करून गाडी रस्त्यावरून एक मीटरही हलवता येणार नाही, नियम स्पष्ट आहे. न्योटन म्हणाला, मग ढकलू. माझ्या गोठ्यात जागा आहे, गाई विकल्या तेव्हापासून कोंबड्याच आहेत.

ढकलताना कोणीतरी स्टिअरिंग धरायला हवं. न्योटनला ढकलता येत नाही. म्हणून तो बसला. मी सेकंद मोजले नाहीत.

सहा पुरुष काळ्या कोटांत, आणि मी. बारा मीटर. पप्पा बाजूने चालत टायरकडे बघून सूचना देत होते. एक कोंबडी बॉनेटवर चढली आणि उतरायला तयार होईना.

मग न्योटन उतरेना. खरंच उतरेना. त्याची बायको उर्सेल दारातून म्हणाली, राहू दे त्याला एप्रिलपर्यंत तिथेच, जेवण मी आणून देत जाईन, घरात जरा शांतता होईल. सगळे हसले. तोही हसला, मग कळ आली म्हणून थांबला. एक हात पप्पांनी धरला, एक मी. त्याचा हात जड आणि कोरडा आहे, टायरसारखा. बाहेर आल्यावर माझा अहवाल त्याच्या काखेत होता.

म्हणाला, हे तुझं पुस्तक. फाडलं असतं कोंबड्यांनी.

रविवार, २ नोव्हेंबर

माझी बाजू अशी की गाडी परवा रात्रीच्या बारानंतर बेकायदा झाली. मी ती लावली तेव्हा ती कायदेशीर होती. हे कोणीच म्हणत नाही.

आईने विचारलं, धावायला जाणार आहेस का, नाहीतर उशा बाहेर वाळत घाल. उशा घातल्या.

सोमवार, ३ नोव्हेंबर

फ्राऊ थेलेन ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, पाटी उद्याही बदलता येईल, पण आठवडाभर बर्फ सांगितला आहे, ह्या वर्षापुरती राहू दे गोठ्यात. एवाल्ड म्हणतो जागा आहे. आणि क्लासना पत्र तू लिही, हाताने.

इथे मी उठून जायला हवं होतं. पण मला राहवलं नाही. मी सांगितलं की अहवालातले टक्के मी बदलले होते. एकदा नाही, दोनदा. आधी मर्सिडीज यावी म्हणून, मग येऊ नये म्हणून. पहिल्यांदा का आणि दुसऱ्यांदा का, तेही सांगितलं. पाठ, बूड, सगळं. शब्द एकापाठोपाठ एक पडत गेले. त्या कागदावर तुम्ही मला कायम केलंत, म्हटलं.

त्या चष्मा काढून पुसत होत्या. म्हणाल्या, कोणत्या कागदावर?

अहवाल.

तो मी वाचला नाही. त्रेचाळीस पानं आहेत, लिओबा. एवाल्डला विचारलं, तू काय म्हणतोस? तो म्हणाला, दोन्ही गाड्या चांगल्या आहेत, पण पोरीने महिनाभर त्यात डोकं घातलंय, ती म्हणते ती घे.

मी विचारलं, त्याच्या पाठीचं काही बोलला नाही?

त्या म्हणाल्या, पाठीचं आत्ता तुझ्याकडूनच ऐकते आहे.

ह्यावर माझं मत मी सध्या राखून ठेवते आहे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

क्लास मंडळींना पत्र लिहिलं. चार कागद फाडले. पाचव्यात 'परंतु' हा शब्द नाही.

चारला बॅटरीचा चार्जर घेऊन गोठ्यात गेले. न्योटन कोंबड्यांना दाणे टाकत होता. मी म्हटलं, हेर न्योटन, मला तुमची माफी मागायची आहे.

म्हणाला, कशाबद्दल?

मी वही आणली होती. मागचं पान काढून तारखांसकट वाचून दाखवलं. पोरी, कप, सारणी, आरसा, बूड. आणि त्याबद्दल मी काय काय केलं ते. तो ऐकत राहिला, डबा हातात तसाच. कोंबड्या त्याच्या बुटांवर चोची मारत होत्या.

मग बराच विचार करून म्हणाला, बुडाचं मी सगळ्यांनाच म्हणतो. थेलेनच्या नवऱ्यालाही म्हणायचो, देव त्याला शांती देवो. कप आठवत नाही. सारणी तुझी होती होय? फार उपयोगी पडली.

सप्टेंबर आणि ऑक्टोबर मिळून एकसष्ट दिवस होतात. इतके दिवस मी एका माणसाशी लढले आणि तो तिथे नव्हताच.

मी विचारलं, तुम्हाला पोर्शेचा त्रास होणार हे तुम्ही मालकीणबाईंना का सांगितलं नाहीत?

तो म्हणाला, गाडी गिऱ्हाइकांसाठी घ्यायची होती की माझ्या पाठीसाठी? मग म्हणाला, मागच्या दोन चाकांत हवा साडेतीन बारपर्यंत भर, पुढच्या दोनांतही. आणि दर आठवड्याला येऊन गाडी हातभर पुढे-मागे ढकलायची, नाहीतर टायर एका जागी चपटे होतात. बापाला विचार.

बापाला विचारलं. पप्पा म्हणाले, हो. आणि मग टायर उभे राहून का चपटे होतात, कोणते होतात, किती दिवसांत होतात हे त्यांनी पाऊण तास सांगितलं. मला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. मी त्यांना कधी विचारलं नव्हतं.

बुधवार, ५ नोव्हेंबर, सकाळी ९.४०

काल रात्रीच ठरवलं होतं, आज करून मोकळी झाले.

सव्वाआठला फ्राऊ थेलेनच्या टेबलावर अर्ज ठेवला. विषय: माझे प्रोबेशन माझ्याच विनंतीवरून ३० एप्रिलपर्यंत वाढवणे. कारण: ते ज्या कामावर संपलं ते काम प्रामाणिक नव्हतं. ह्या काळात मी ऑफिसात न बसता हेर न्योटन यांच्या हाताखाली काम करीन. गोठ्यातल्या गाडीची जबाबदारी माझी. एक पान. पुठ्ठा नाही.

त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला. म्हणाल्या, लिओबा, प्रोबेशन सहा महिन्यांपुढे नेता येत नाही, तसा कायदाच आहे.

हे मी तपासलं नव्हतं.

मी म्हटलं, मग कायद्याने नको, नुसतं वाढवा.

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. न्योटन अंगणात उभा राहून एका हाताने कंबर दाबत होता. त्याच्याकडे बघत त्या म्हणाल्या, आणि एवाल्ड सांगतो त्या तुझ्या वहीचं काय? मी म्हटलं, ती खाजगी आहे. मग त्यांनी पेन घेतलं.

दोन्ही प्रतींवर सही झाली आहे. एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. सव्वानऊपासून मी पुन्हा प्रोबेशनवर आहे.